तारखांवर तारखा पडतायत आणि देव गप्प आहे, मग प्रार्थना चालू ठेवू का?

बेटा, तुझा मेसेज सावकाश वाचला. मला समजलं ते असं, की तू इंदूरमधल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स होतीस, दर महिन्याला पगारातून पीएफ कापला जायचा पण खात्यात जमाच होत नव्हता, तू विचारलंस तर आधी सारख्या नाइट ड्युट्या लावल्या आणि मग वर्तन समाधानकारक नाही असं लेटर हातात देऊन काढून टाकलं. एक्सपिरियन्स सर्टिफिकेट दिलं नाही म्हणून दुसरीकडे धड नोकरी लागेना, केस टाकलीस तर नुसत्या पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, पडून राहिल्यात, आणि ज्यांनी हे केलं त्यांचं सगळं मजेत चाललंय. चर्चच्या मंडळीत सांगितलंस तर क्षमा कर आणि पुढे जा असं ऐकायला मिळालं. आता तू विचारतेस की काकू, गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द निघत नाही, हे ढोंग तर होत नाहीये ना, बंद करून टाकू का, आणि त्या लोकांचं वाटोळं व्हावं असं मनात येतं ते देवापासून लपवायचं का.

बंद करू नकोस. आणि लपवूही नकोस.

पण विश्वास ठेव, सगळं छान होईल असं सांगून मी तुला वाटेला लावणार नाही, ते तू भरपूर ऐकलंयस. आमच्या घरची बुधवारची प्रार्थनासभा मी बरीच वर्षं बघते, रविवारची उपासना हिंदीत होते पण बुधवारी आम्ही मराठीत बसतो, आणि तिथे कोर्टाच्या चकरा मारणारे, जमिनीच्या भांडणात घर गेलेले, खोट्या केसमध्ये मुलगा अडकलेले, वर्षानुवर्षं पेन्शन अडकलेले असे किती तरी लोक येऊन गेले. त्यातल्या ज्यांची प्रार्थना सुटली त्यांचं मी जवळून बघितलंय. देवावर राग आला म्हणून फार थोड्यांची सुटते. राग आलाय पण तो प्रार्थनेत बोलायचा नाही, तिथे फक्त धन्यवाद आणि स्तुतीच म्हणायची असं ज्यांनी ठरवलं त्यांची सुटते, कारण मग मनात एक आणि तोंडात एक असं किती दिवस चालणार, माणूस थकतोच. तुला जे ढोंग वाटतंय ना ते बहुतेक हेच आहे. तू नर्स आहेस, पू आत ठेवून वरून पांढरंशुभ्र ड्रेसिंग केलं तर काय होतं ते मी तुला काय सांगणार.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 18 व्या अध्यायातली विधवा आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय, पण तो दाखला बहुतेक वेळा मागत राहा म्हणजे मिळेल एवढ्यावर गुंडाळतात आणि मला ते पटत नाही. ती बाई मागते काय ते बघ. धनदौलत नाही, आजारातून सुटका नाही, ती प्रतिवादीविरुद्ध न्याय मागते. कोणीतरी तिचं काहीतरी लुबाडलंय, आणि ज्याच्यापुढे उभं राहायचं तो न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसाचीही पर्वा करत नाही, येशूने त्याला जरासुद्धा चांगला रंगवलेला नाही. तिच्या बाजूने बोलायला कोणी असल्याचं त्या गोष्टीत कुठे आलेलं नाही, तिच्या हातात एकच आहे, ते म्हणजे परत येणं. आज हाकललं तर उद्या येऊन उभी. आणि लूकने गोष्ट सुरू होण्याआधीच सांगून टाकलंय की शिष्यांनी सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये म्हणून हा दाखला आहे, म्हणजे आपली माणसं खचणार हे येशू आधीपासून धरून चाललाय, खचायला झालं याचा अर्थ तुझा विश्वास खोटा होता असा तो घेत नाही.

देव त्या न्यायाधीशासारखा आहे असंही तो म्हणत नाही. असला माणूससुद्धा शेवटी निकाल देतो, तर जे रात्रंदिवस देवाचा धावा करतात त्यांचा न्याय देव करणार नाही का, असं त्याचं म्हणणं आहे. आणि मग एकदम तो विचारतो की मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, परत येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास सापडेल का, आणि उत्तर न देता थांबतो. त्या ठिकाणी विश्वास म्हणजे मला तरी त्या बाईचं परत परत जाऊन उभं राहणंच दिसतं. उभी राहताना तिला आतून शांत वाटत होतं का, तिच्या अंगावर काटा येत होता का, याबद्दल एक अक्षर नाही. तू भावना आटल्या म्हणून घाबरलीयस, पण येशूने भावना मोजलेल्याच नाहीत.

आणि आणखी एक, ती बाई खरोखर कोर्टातच गेली होती. त्यामुळे केस लढणारी विश्वासात कमी आणि सोडून देणारी आध्यात्मिक असं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नकोस. प्रेषित पौलाचं बघ, फिलिप्पै शहरात त्याला फटके मारून बिनचौकशी तुरुंगात टाकलं, रात्री त्याने आणि त्याचा सोबती सीला याने प्रार्थना केली, गाणी म्हटली, आणि सकाळी अधिकारी म्हणाले की आता गुपचूप निघून जा, तर तो जायला तयार नव्हता. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, असं त्याने सांगितलं. तेच ओठ रात्री गात होते आणि सकाळी हक्क मागत होते. पुढे कैसरिया शहरात तर त्याला दोन वर्षं कैदेत नुसतं ताटकळत ठेवलं, प्रेषितांची कृत्ये 24 मध्ये स्पष्ट लिहिलंय की फेलिक्स या रोमी सुभेदाराला त्याच्याकडून पैसे मिळतील अशी आशा होती म्हणून तो त्याला सारखा बोलावून घ्यायचा. दोन वर्षं! आणि शेवटी फेलिक्सची बदली झाली, तर जाताना यहूद्यांची मर्जी राखायला त्याला कैदेतच ठेवून गेला. तुझी पेशी पुढे ढकलली जाते त्या दिवशी हा अध्याय वाच, पौलालाही तारखाच मिळत होत्या.

म्हणून प्रार्थनेबरोबर हातातलं कामही कर. उमंग या सरकारी अ‍ॅपवर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, टाकून पासबुक उघड, कुठल्या महिन्याची रक्कम जमा नाही त्याचे प्रिंट काढ, त्याच महिन्यांच्या सॅलरी स्लिपा शेजारी लाव. कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पीएफ भरायचा असतो, आणि तुझ्या पगारातून कापून तो न भरणं हा कायद्याने गुन्हा आहे, पीएफ ऑफिसात त्याची वेगळी तक्रार होते, ती नोकरीच्या केससाठी थांबत नाही. वकिलाच्या फीचं टेन्शन लिहिलंयस, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. हे मुद्दाम प्रार्थनेच्या उत्तरात लिहितेय. याकोबाच्या पत्रात 5 व्या अध्यायात आहे ना की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानापर्यंत गेलीय. तुझा कापलेला पीएफ हा देवाच्या दृष्टीने किरकोळ विषय नाही, त्याचं नाव घेऊन, रकमेसकट प्रार्थना करायला लाजू नकोस.

आता प्रत्यक्ष बसायचं कसं.

यशयाच्या काळात अश्शूरच्या राजाने हिज्कीया राजाला धमकीचं पत्र पाठवलं होतं, 2 राजे 19 मध्ये आहे. हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे ते पत्र उलगडून ठेवलं. आमच्याकडे एक बाई यायच्या, मुलाला खोट्या केसमध्ये अडकवलेलं, त्या बायबलबरोबर कोर्टाची फाइलही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायच्या आणि पिशवी पायाशी लपवून ठेवायच्या, जसं काही प्रार्थनेत ती आणायची वस्तूच नाही. एकदा मी म्हटलं, ताई, काढा ती बाहेर. त्यांनी टीपॉयवर नोटीस पसरली, घड्या पडलेल्या होत्या त्या तळहाताने सरळ केल्या, आणि तारखेपासून खालच्या शिक्क्यापर्यंत सगळं मोठ्याने वाचलं, कलमं वाचताना अडखळल्या, मुलाचं नाव आरोपी म्हणून आलं तिथे थांबल्या. मग एवढंच म्हणाल्या की देवा, हे खोटं आहे आणि तुला माहीत आहे. त्यानंतर कोणीच काही जास्तीचं बोललं नाही. मी स्वतः ऐकलेल्या सगळ्यात खऱ्या प्रार्थनांमध्ये मी ती धरते. तू तुझं ते वर्तन समाधानकारक नाही वालं लेटर काढ, आणि असंच कर, घरात एकटी असताना मोठ्याने वाच, आणि प्रत्येक वाक्यानंतर हे खरं आहे की खोटं ते देवाला सांग. त्यात तुझी खरोखर चूक असलेलं एखादं वाक्य असेल तर तेही सांग, उशिरा गेली असशील, कोणावर ओरडली असशील. खोटं तेवढं खोटं म्हणायचं. असं केलं की धूसर दुःख राहत नाही, नेमकं गाऱ्हाणं तयार होतं, आणि नेमकं गाऱ्हाणं घेऊन रोज जाता येतं.

शब्द सुचत नाहीत त्या दिवशी बायबलमधल्या स्तोत्रांचे शब्द वापर, ते त्यासाठीच आहेत. 13 वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे, त्याच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा किती वेळ, कुठवर असं विचारलंय. 10 वं तर परमेश्वरा, तू लांब का उभा राहतोस असंच सुरू होतं, आणि त्यात गरिबाला दबा धरून पकडणाऱ्याचं इतकं तपशिलात वर्णन आहे की तुला तुझं हॉस्पिटल दिसेल. 73 व्यात स्तोत्र लिहिणारा आसाफ म्हणतो की दुष्टांची भरभराट बघून माझे पाय घसरायलाच आले होते. आणि 88 वं, ते मी आवर्जून सांगते, कारण ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, स्तुती नाही, काही नाही, आणि तरीसुद्धा ते बायबलमध्ये आहे आणि लोकांनी ते देवाला म्हटलंय. प्रत्येक प्रार्थनेचा शेवट गोड झालाच पाहिजे अशी सक्ती आपण करतो, बायबल करत नाही.

त्यांचं वाटोळं व्हावं असं वाटणं, त्याचंही असंच. 109 वं स्तोत्र उघड, त्यात शत्रूबद्दल जे मागितलंय ते आपण मंडळीत मोठ्याने वाचायला कचरतो. पण एक गोष्ट बघ, तो माणूस ते देवाला सांगतोय, शेजाऱ्याला नाही, आणि हातात दगड घेऊन निघालेला नाही. रोमकरांस 12 मध्ये पौल म्हणतो की सूड स्वतः घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. वाट द्या म्हणजे ते देवाच्या टेबलावर नेऊन ठेवा, आणि मनातच दाबून ठेवलं तर तिथे कसं जाणार? तू अगदी कडू शब्दात सांग, देव दचकणार नाही. फक्त सांगून झाल्यावर त्या हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंटचं नाव घेऊन एक वाक्य असंही म्हण की याला खरं दिसू दे. सुरुवातीला नुसतं तोंडाने म्हटलं तरी चालेल, मला तरी मनापासून म्हणता यायला वेळ लागतो असंच प्रत्येकाच्या बाबतीत दिसलंय.

क्षमेबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण तिथे तुला फार दुखावलंय असं वाटतं. क्षमा म्हणजे केस मागे घेणं असं येशूने कुठेही शिकवलेलं नाही. जक्कय नावाचा जकातदार लूक 19 मध्ये काय म्हणतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो, आणि मगच येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. आणि आपल्या इंदूरजवळचंच उदाहरण आहे. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरच्या भागात आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या कचाट्यातून लोक सुटायला लागले म्हणून काहींच्या डोळ्यात त्या खुपत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला बसमध्ये लोकांसमोर त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, पुढे तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, घरच्यांनी क्षमा केली, तो नंतर सुटून आल्यावर त्यांच्या आईला भेटायला केरळला गेला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मारियांना कॅथलिक चर्चने धन्य घोषित केलं, ती संतपदाच्या आधीची पायरी. क्षमा झाली पण खून झालाच नाही असं कोणी म्हटलं नाही, खटला चालला, शिक्षाही झाली, दोन्ही गोष्टी सोबत राहिल्या. आणि त्या क्षमेला वर्षं लागली, कोणी त्या बहिणीला दुसऱ्या आठवड्यात पुढे जा असं म्हटलं असेल तर ते तिच्या कामाचं नव्हतं. तुला आज क्षमा जमत नसेल तर देवा, मला अजून जमत नाहीये, एवढं रोज सांगत राहा, तीही प्रार्थनाच आहे.

आता अवघड भाग. तू जिंकशील का, मला माहीत नाही. प्रेषितांची कृत्ये 12 मध्ये हेरोद राजा योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारतो आणि पेत्राला तुरुंगातून देवदूत सोडवतो, एकाच अध्यायात, एकाच मंडळीतले दोघं. मंडळी पेत्रासाठी आग्रहाने प्रार्थना करत होती असं लिहिलंय, मग याकोबासाठी कोणी केली नसेल? मला नाही वाटत. बायबल तिथे काही समजावून सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळू दे अशी तीनदा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमाबाई 1921 मध्ये गेली, आईच्या आधी, आणि रमाबाई केडगावला बायबलचं भाषांतर करत राहिल्या, 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत. त्यांच्या प्रार्थना कमी पडल्या असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

आणि उलटंही घडतं, ते पण खरं आहे. पूर्व जर्मनीत लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना व्हायची. कित्येकदा बोटांवर मोजण्याइतकी माणसं असायची, आत सरकारी हेर बसायचे, येणाऱ्यांना त्रास व्हायचा. 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सत्तर हजारांच्या आसपास लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळी चालवली नाही, महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. त्याला राजकीय कारणं भरपूर होती, सगळं प्रार्थनेनेच झालं असं मी म्हणणार नाही. पण 1985 च्या एखाद्या सोमवारी रिकाम्या बाकांमध्ये बसलेल्या माणसाला यातलं काय दिसत असेल, काहीच नाही. तो फक्त पुढच्या सोमवारी परत आला.

वेळेबद्दल, जास्त वेळ बसायचा हट्ट सोड. दहा मिनिटं, पण ठरलेली. दानीएलाला प्रार्थना केली तर सिंहाच्या गुहेत टाकू असा हुकूम निघाल्यावर त्याने काही विशेष केलं नाही, नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा खिडकी उघडून बसला. आता तू होम केअरच्या ड्युट्या करतेस म्हणून लिहिलंयस, त्यात सकाळची वेळ पाळणं होणार नाही, तर वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांध, ड्युटीवर निघताना चप्पल घालायच्या आधी, असं. एक स्तोत्र, गाऱ्हाण्याचं एक वाक्य, आणि प्रभूची प्रार्थना. तुझं राज्य येवो म्हणताना त्या हॉस्पिटलचं अकाउंट्स डिपार्टमेंट डोळ्यासमोर आण, ती मागणी तिथल्यासाठीही आहे. शब्दच फुटले नाहीत तर गप्प बस दहा मिनिटं आणि ऊठ, रोमकरांस 8 मध्ये आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. त्याचं कण्हणं चालू असतं, तू हजर राहा.

आणि एकटी ओढू नकोस हे. ज्यांनी क्षमा कर पुढे जा म्हटलं त्यांना सोडून दे, मंडळीत अशी एक किंवा दोन माणसं शोध जी तुला उपदेश न करता तुझ्या शेजारी बसतील. आमच्याकडे कोणाचे शब्द संपले तर आम्ही तिच्यासाठी म्हणून स्तोत्र वाचत नाही, तिच्या जागी वाचतो, मी, मला, माझं असं, आणि ती नुसती ऐकते. काही जणी महिनोन्महिने नुसत्या ऐकत बसलेल्या आहेत, चहा घेतात आणि जातात, त्यांना कोणी काही विचारत नाही.

पुढची पेशी कधी आहे ते मला कळव. बुधवार असेल तर सकाळी तुझ्याबरोबर कोर्टात येते, दुसरा वार असेल तर आमच्यातली कोणीतरी येईल, बाहेरच्या बाकावर तास तास काढायचे असतात तिथे एकटीने बसू नये. पासबुकचे प्रिंट आणि सॅलरी स्लिपा दोन सेटमध्ये आण, आणि ते लेटर पण.